शेठच्या पोटात काही टिकेना

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे दोन दिवस सगळं सुरत गच्चीवर राहायला जातं, आणि तिसऱ्या दिवशी मांज्यानं कापलेली कबुतरं घेऊन डॉक्टर हसमुखभाईंच्या दवाखान्यात येतं. त्या जानेवारीतही तेच झालं. बुटांच्या खोक्यांत, भाजीच्या टोपल्यांत, शाळेच्या दप्तरांतसुद्धा कबुतरं होती, आणि त्या घोळक्याच्या मधोमध मानसी ओढणी कमरेला खोचून, एका हातात कापूस आणि दुसऱ्या हातात पाखरू धरून उभी होती. बी.एस्सी. झाल्यावर लग्न ठरेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून ती इथे मदतनीस म्हणून लागली. पुढे लग्न काही ठरलं नाही, पण कुत्री, मांजरं आणि त्यांचे मालक या तिन्ही जमातींना पुरून उरायला ती शिकली.

"कयी पांख?" तिनं मान वर न करताच पुढच्या माणसाला गुजरातीत विचारलं. कुठला पंख कापलाय, एवढंच तिला हवं होतं.

पुढचा माणूस बोलेना. कापडी पिशवी छातीशी धरून तो नुसताच उभा.

"देवा, अजून एक मुका," ती मराठीत पुटपुटली.

"मुका नाही," तोही मराठीतच म्हणाला. "पण याला पंखच नाहीत."

तेव्हा तिनं वर पाहिलं. सावळा, उंच मुलगा. डोळ्यांत जागरण, आणि केसांत कुठल्याशा धाग्याचा एक पांढरा तंतू अडकलेला. तो तंतू काढून टाकावा असं मानसीच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याचं तिलाच नवल वाटलं. पंख नाहीत, मग आहे तरी काय, असं तिनं विचारलं. त्यानं आजूबाजूच्या गर्दीकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. आवाज नाही, काही नाही. तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा, अगदी सावकाश, ओठ हलवले...

सा—प.

पिशवीकडे निघालेला मानसीचा हात हवेतच थांबला. पण ती ओरडली नाही, आणि त्याबद्दल त्या मुलाच्या चेहऱ्यावर इतकं मोकळं कौतुक उमटलं की तिला आतल्या खोलीचं दार उघडून द्यावंच लागलं.

साप मांडूळ होता. विटकरी रंगाचा, जाडसर, शेपटीकडेही तोंड असल्यासारखा बोथट. मुलाचं नाव योगराज. राहायला डिंडोलीला, एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यावर मास्तर, म्हणजे बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणारा. पावसाळा सरताना शेजारच्या बांधकामावर तापीच्या वाळूचा ट्रक रिकामा झाला, त्यातून हा निघाला होता. पाठीवर फावड्याचा घाव होता. लोक ठेचायला निघाले, यानं उचलून घरी आणला. घाव भरला, पण दुखणं वेगळंच निघालं. उंदीर घातला की तो खायचा, दोन-तीन दिवस गप्प पडून राहायचा आणि मग खाल्लेलं सगळं जसंच्या तसं बाहेर काढायचा.

"केसपेपरवर नाव काय लिहू?" मानसीनं विचारलं.

"शेठ."

"तुमचं?"

"याचं. दिवसभर लोळतो, काम काही करत नाही, आणि दिलेला माल परत पाठवतो. सुरतेत अशाला आणखी काय म्हणणार?"

मानसीला हसू आवरेना. डॉक्टर हसमुखभाई मात्र हसले नाहीत. भिंतीला पाठ लावूनच त्यांनी सापाकडे नीट पाहिलं आणि सरळ सांगितलं की आपण गाय-म्हैस-कुत्र्यांचे डॉक्टर, तरी पुस्तकात वाचलंय तेवढं सांगतो. साप ओकतो तो थंडीनं, मोठा घास घेतल्यानं, नाहीतर जेवल्यावर कोणी हाताळल्यानं. आता पंधरा दिवस उपास, मग अगदी छोटा घास. आणि हे आणखी दोन-तीनदा झालं तर तो जगायचा नाही. कातडी आत्ताच सैल पडली होती.

योगराजनं मान हलवली आणि पिशवीचं तोंड बांधलं. बांधताना त्याची बोटं इतकी हलकी फिरत होती की पुढच्या कबुतराला धरताना मानसीचीही तशीच फिरू लागली.

मग तो येऊ लागला. कामावर जाण्याआधी संध्याकाळी दवाखान्यात डोकावायचा, कधी शेठला घेऊन, कधी नुसताच शेठची खबर घेऊन. नुसत्या खबरीसाठी डिंडोलीहून नानपुऱ्यापर्यंत शटल रिक्षात दाटीवाटीनं बसून यायचं काही कारण नव्हतं. एवढा निरोप फोनवरही देता आला असता. हे दोघांनाही कळत होतं, म्हणून त्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं. उपास चालू होता तोवर शेठला हातात घ्यायला हरकत नव्हती. एकदा मानसीनं धीर करून त्याला उचललं. तो थंड, गुळगुळीत आणि वाटला होता त्याहून जड निघाला.

"तोंड कुठलं ते ओळखायचं कसं?" तिनं विचारलं.

"जवळून बघायचं."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तरी काही करत नाही तो. लाजतो फक्त."

"तो लाजतो, की..."

"दोघंही," योगराज म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

पोंकाचे, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याचे दिवस होते. अडाजणच्या पुलाजवळ नदीकाठी पोंकाचे मांडव लागले होते, आणि मानसीची बसही त्याच वाटेनं जायची. एका सुटीच्या संध्याकाळी दोघं तिथे बसले, कोवळ्या पोंकाच्या दाण्यांत लिंबू-मिऱ्याची शेव कालवून. नदीवरून गार वारा येत होता. तिनं त्याला विचारलं, हे ओठांनी बोलणं कुठे शिकलात? तो म्हणाला, शिकायचं काय त्यात, लूम चालू असतात तेव्हा तोफ डागली तरी ऐकू येत नाही. कारखान्यात सगळे असंच बोलतात. बाई मीठ मागते तेही असंच, आणि पोरगं मार खातं तेही असंच.

"मग मला काहीतरी म्हणून दाखवा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, जरा वेळ घेतला आणि ओठ हलवले. चार-पाच शब्द असावेत. तिला एकही कळला नाही.

"काय म्हणालात?"

"पोंक छान आहे म्हणालो."

पोंक एवढा लांबलचक नसतो, हे मानसीला चांगलं ठाऊक होतं. घरी जाऊन ती आरशासमोर उभी राहिली आणि ते ओठ कसे हलले होते ते आठवून एकेक वाक्य लावून पाहू लागली. तेवढ्यात आई खोलीत आली आणि दात दुखतोय का म्हणून विचारू लागली. मानसीनं दुखतोय म्हणून सांगितलं.

त्याच संध्याकाळी, पोंक खाता खाता, योगराजनं एक गोष्ट सांगितली होती. शेठचं जेवण एकदा टिकलं होतं. दिवाळीत. आई-वडील गावाकडे धुळ्याला गेले होते, हा शेठसाठी मागे राहिला होता, आणि त्या सुटीत शेठनं दोनदा उंदीर खाल्ला तो दोन्ही वेळा पचवला. दिवाळी सरली आणि पुन्हा माल परत यायला लागला. दोघांनी विचार करकरून ठरवलं की हा उबेचा प्रश्न. दिवाळीनंतर थंडी पडली, त्याला गारठा बाधला. मानसीनं पेटीवर शंभरचा बल्ब टांगायला सांगितलं. योगराजनं टांगला. उपास संपला, उंदराचं अगदी बारकं पिल्लू दिलं, पेटीला कोणी हात लावला नाही, घरात कोणी मोठ्यानं पावलं वाजवली नाहीत... तिसऱ्या दिवशी सगळं बाहेर.

त्याच दिवशी संध्याकाळी तो दवाखान्यात आला. बाकावर बसला. पुन्हा उपास, पुन्हा बारकं पिल्लू, पुन्हा तेच झालं तर शेठ उरत नाही, हे डॉक्टरांनी सांगायची गरजच नव्हती. मानसीला वाटलं, ऊब झाली, घास झाला, हात झाला. पुस्तकातली तिन्ही कारणं संपली. आता राहिली ती जागा. ती म्हणाली, मी घर बघायला येते.

"घर?" तो दचकला. "घरात काय बघणार? खाली लूम, वर आम्ही."

"शेठ राहतो ते बघणार. तुम्हाला बघायला येत नाहीये."

"मग यायलाच कशाला पाहिजे," तो म्हणाला, पण पत्ता सांगितला.

डिंडोलीची ती गल्ली अशी की रिक्षा थांबायच्या आधीच आवाज अंगावर आला. कारखान्याच्या पोटातून जाणारा लोखंडी जिना चढून ती वर गेली. खाली ओळीनं लूम, वर दोन खोल्या. योगराजची आई प्रमिलाबाई दारातच उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हाताला पीठ. तिनं मानसीला आत ओढूनच घेतलं. "ये वं माय, बस," असं ती म्हणाली असावी, कारण मानसीला फक्त ओठ दिसले. योगराजचे वडील सुकदेवभाऊ खाटेवर होते. त्यांनी तिथूनच बोटांनी काहीतरी विचारलं, प्रमिलाबाईनं चुलीपाशी उभं राहूनच ओठांनी उत्तर दिलं, योगराजनं मधेच भुवई उडवली, आणि तिघंही हसले. हसले ते आपल्यावरच हे मानसीला कळलं, पण त्या हसण्यात बोचण्यासारखं काही नव्हतं. घर कसं लख्ख होतं. पितळी डबे चढत्या क्रमानं मांडलेले, आणि सगळे मिळून अगदी बारीक वाजत होते.

कोपऱ्यात फरशीवर धाग्याच्या बॉबिनची जुनी लाकडी पेटी होती. आत वाळू, वर बल्ब, बाजूला पाण्याची वाटी. मानसी गुडघ्यांवर बसली. बल्बची ऊब बरोबर होती. वाळू कोरडी होती. लपायला कौल ठेवलेलं होतं. चूक काढावी असं काही दिसेना. मग तिचं लक्ष वाटीकडे गेलं. वाटीतल्या पाण्यावर मधोमध एकात एक गोल वर्तुळं उमटत होती. विरत होती, पुन्हा उमटत होती. वाटीला कोणी हात लावला नव्हता.

"पाणी का हलतंय?" तिनं ओरडून विचारलं.

योगराजनं वाकून पाहिलं. "कुठं हलतंय?"

प्रमिलाबाईही आली, पदर सावरून वाकली. तिलाही काही दिसलं नाही. "कोठे हाली राहिनं?" ती मानसीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "पानी शे ते."

मानसीनं तळहात फरशीवर टेकवला. हातातून कोपरापर्यंत, कोपरातून दातांपर्यंत एक थरथर चढत गेली. घर आवाजानं भरलेलं आहे हे तिला दारातच कळलं होतं, पण घर हलतंय हे आत्ता कळलं. आणि साप तर कानांनी ऐकतच नाही. तो अख्ख्या पोटानं जमिनीला टेकून असतो. तिनं योगराजचा हात धरला... तो पहिल्यांदाच धरत होती हे तिच्या नंतर लक्षात आलं... आणि आपल्या हाताशेजारी फरशीवर ठेवला.

"दिवाळीत लूम बंद होते ना?" ती म्हणाली.

हात तसाच ठेवून तो खाली वाकला. मग त्यानं वाटीकडे पाहिलं, आणि या वेळी त्याला दिसलं. "मी इथेच जन्मलोय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "मला वाटायचं, पाणी असंच असतं."

पुढचे दोन दिवस त्यानं सगळं करून पाहिलं. पेटीखाली फोम घातला, मग गोधड्या घातल्या, मग पेटी दोरीनं आढ्याला टांगली. पण आढंही त्याच भिंतींवर टेकलेलं, आणि भिंती त्याच लूमच्या खोलीवर. शेवटी शेठची रवानगी मानसीच्या घरी झाली.

मानसीचे वडील प्रकाशराव पाटबंधारे खात्यात होते. अडाजणच्या बाजूला त्यांची सरकारी वसाहत, बैठी घरं, कडुनिंबाची झाडं, आणि दुपारी इतकी शांतता की शेजारच्या घरात कोणी शिंकलं तरी कळावं. आई अरुणाताईंनी पहिल्या दिवशी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी अट घातली की पेटी मागच्या पडवीत राहील आणि त्या प्राण्याचं नाव आपल्यासमोर काढायचं नाही. प्रकाशरावांना मात्र सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगपासून साधी चिचुंद्री दिसली तरी घाम फुटायचा. उंदीर खाणारा कोणी घरात येतोय म्हटल्यावर ते म्हणाले, राहू दे, सरकारी जागेत निदान एक तरी कामाचा माणूस हवा.

शेठचा उपास संपला. योगराजनं पिठाच्या गिरणीतून पिंजऱ्यात धरलेलं पिल्लू आणून दिलं आणि तो कामावर गेला. शेठ जेवला. त्यानंतर मानसीचं सगळं लक्ष पडवीकडे. सकाळी उठली की आधी पेटीत डोकावायची, दवाखान्यातून आली की चपला पायात तशाच ठेवून पडवी गाठायची. तिसरा दिवस गेला. आठवडा गेला. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता अरुणाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शेठचं कसं काय?" आणि मग आपणच नाव काढलं म्हणून लाटणं जरा जोरात फिरवू लागल्या.

मानसीनं डिंडोलीच्या त्या गल्लीतल्या एसटीडीवाल्याला फोन लावला. योगराज मास्तरला निरोप द्या म्हणाली. काय निरोप? तिनं एकच शब्द सांगितला. "टिकलं."

तो पाळी सुटल्यावर थेट तिच्या घरी आला. केसांत तंतू तसेच. पेटीजवळ बसून त्यानं शेठकडे पाहिलं. कातडी ताणून बसली होती, शेठ वाळूतून नाकाचं टोक काढून निवांत पडला होता. योगराजचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं लपवले नाहीत. त्याच क्षणी मानसीला पक्कं कळलं की आपलं या माणसावर प्रेम आहे. थोडंथोडकं नाही, चांगलं घसघशीत आहे.

अरुणाताईंनी पोहे केले. तो टेबलाशी बसला. समोर पाण्याचा पेला होता, आणि पेल्यातलं पाणी काचेसारखं स्तब्ध. तो त्या पाण्याकडे पाहत राहिला. मानसी त्याच्याकडे पाहत होती, म्हणून तिनं ते पाहिलं. पोहे अर्धे ठेवून तो उठला. म्हणाला, शेठला इथेच राहू द्या, वजन भरलं की उन्हाळ्यात नदीकाठच्या वाळूत सोडू. जाताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तो यायचा थांबला. शेठसाठी पिल्लू यायचं, पण ती जेवायला उठली की कोणीतरी दवाखान्याच्या पायरीवर पिंजरा ठेवून गेलेलं असायचं. होळी झाली. पोंकाचे मांडव उठले. मानसी आधी काळजीत होती, मग रुसली, मग चांगलीच तापली. एके दुपारी ती जेवायला उठलीच नाही. दारामागे उभी राहिली, आणि तो पिंजरा ठेवून वळला तशी समोर येऊन ठाकली.

"उंदरालाही भेटीची वेळ ठरलेली असते," ती म्हणाली. "मी काय घोडं मारलं?"

त्यानं टाळायचा प्रयत्न केला. पाळी बदलली, काम वाढलं. ती तशीच उभी राहिली. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या घरात पाणी हलत नाही, मानसी."

"मग?"

"आमच्या घरी शेठ टिकला नाही. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं ओकून सांगितलं. माणूस बोलणार नाही, ओकणारही नाही. आपल्याशी हसून राहील आणि आतल्या आत वाळत जाईल." तो थांबला. "मला ते बघायचं नाही. मी ते घर सोडू शकत नाही. आई-बाबा तिथे आहेत, माझं काम तिथे आहे."

"मी तुला घर सोड म्हणाले?"

"म्हणणार नाहीस. म्हणूनच."

'तू' म्हटलं गेलं, हे दोघांच्याही लक्षात आलं. मग तो निघून गेला, आणि मानसी त्या पिंजऱ्यातल्या पिल्लाकडे बघत पायरीवर बसून राहिली. तिला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. सापाची परीक्षा घेतली तेव्हा निदान त्याला आधी जेवायला तरी घातलं होतं. आपल्याला न जेवू घालताच नापास केलं होतं.

डिंडोलीच्या त्या भागात गुरुवारी वीज बंद असायची आणि लूमला सुटी. मानसी गुरुवारी गेली नाही. शुक्रवारी, भर दुपारी, सगळे लूम जोरात असताना गेली. लोखंडी जिना चढताना हाताखालचा कठडा थरथरत होता. तिनं तो घट्ट धरला. प्रमिलाबाई चुलीपुढे होती. तिनं मानसीकडे एकदा पाहिलं, कशाला आलीस असं काही विचारलं नाही, आणि फरशीवर ताट मांडलं.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार, बाजूला ठेचा. मानसी मांडी घालून बसली. ताट हलत होतं. वाटी ताटाला लागून बारीक किणकिणत होती, ती थरथर मांडीतून पाठीत चढत होती, आणि पहिल्या चार घासांना तिचं डोकं ठणकलं. हे खोटं नव्हतं. हे घर तिला आवडलं असंही नाही. तिला तो आवडत होता, आणि तो इथे होता. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भरितात बुडवला आणि नीट चावून गिळला. मग दुसरा, मग तिसरा. भरीत फार चांगलं झालं होतं. पहिली भाकरी संपून दुसरीत हात घातला तेव्हा वाटीची किणकिण थांबली असावी असं तिला वाटलं. तिनं वाटीकडे पाहिलं. ती हलतच होती.

तेवढ्यात या आठवड्यात दिवसपाळीला असलेला योगराज जेवायला वर आला. दारात तिला पाहून जागच्या जागी थांबला. हात तेलानं काळे, केसांत तंतू. बोलण्यात अर्थ नव्हता, खाली सगळा कारखाना गर्जत होता. मानसीनं त्याच्याकडे पाहून ओठ हलवले. आरशासमोर इतके दिवस घालवले होते, ते वाया गेले नव्हते.

मी साप नाही, ती म्हणाली.

तो हसला नाही. दाराची चौकट धरून उभा राहिला, आणि मग त्याचेही ओठ हलले. या वेळी तिला एकेक शब्द वाचता आला. पोंकाच्या मांडवात म्हणाला होता तेच तो पुन्हा म्हणत होता. तुझ्यावाचून मला करमत नाही. आणि त्याला जोडून, भीत भीत, आणखी एक शब्द.

टिकेल?

मानसीनं घाई केली नाही. उरलेल्या तुकड्यानं ताटातलं भरीत पुसून घेतलं, तो घास खाल्ला, पाण्याचा पेला उचलला. पेल्यात गोल गोल वर्तुळं उमटत होती. तिनं ती वर्तुळांसकट पिऊन टाकली आणि पेला खाली ठेवला.

टिकलं, ती म्हणाली.

दोघांच्या तोंडातून आवाज असा फुटलाच नव्हता, त्यामुळे हे आपल्या दोघांतच राहिलं अशी त्यांची समजूत. पण या घरात ओठ वाचता येत नाहीत असं कोणी नव्हतं. सुकदेवभाऊंनी खाटेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं, आणि त्यांची पाठ हसण्यानं हलत राहिली. प्रमिलाबाईनं तव्यावरची आणखी एक भाकरी उचलली, मानसीच्या ताटात टाकली, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "टिकनं ना? मंग आखो ले."